बाराशे बैल आणि दोनशे बारा नावं

कादंबरी छापून आली की आपल्याला काय काय मिळेल, याचा हिशेब डोंगरसिंग राठोड यांनी आधीच मांडून ठेवला होता. उमरखेडच्या बसस्थानकावर चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढल्यामुळे लोक अजूनही त्यांना भररस्त्यात अडवून 'पुसदची गाडी कव्हा हाये?' असं विचारत. ते बंद होणार होतं. दिग्रसचे व्याही पवारसाहेब प्रत्येक भेटीत आपल्या पोराच्या पगाराचा विषय काढत. त्यांच्यापुढे ठेवायला एक वस्तू होणार होती. तिसरा लाभ त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. कुठेतरी, कोणीतरी, शेवटचं पान वाचून पुस्तक मिटेल आणि दोन मिनिटं गप्प बसेल. बस्स. पैसा त्यांना नकोच होता. ज्या माणसाला पैसा नको असतो तोच घरादाराला सगळ्यात महाग पडतो, हे त्यांच्या बायकोला, जमनीबाईंना, लग्नानंतर आठ दिवसांत कळलं होतं.

कादंबरीचं नाव 'बाराशे बैल'. डोंगरसिंगांच्या पणजोबांचा तांडा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचा, त्याची ती गोष्ट. तीन वर्षं लिहीत होते. शेवटचं प्रकरण तर सात वेळा लिहिलं. तांडा पुरात सापडतो, बाराशे बैल पैनगंगेच्या मध्यावर अडकतात, आणि शेवटच्या बावीस पानांत जे काय व्हायचं ते होतं. बाकीची कादंबरी आपण या बावीस पानांपर्यंत पोचण्यासाठी लिहिली, असं ते स्वतःशी कबूल करत.

"बाराशे बैलं लिवले," जमनीबाई म्हणायच्या, "आन् दारात एक शेळी नाई."

पुण्याच्या एका प्रकाशकाने हस्तलिखित आठ महिने ठेवून परत केलं. सोबत पत्र नव्हतं, पण मधल्या पानांत दुसऱ्याच कोणाच्या तरी चार कविता आल्या होत्या. नागपूरच्या एकाने 'लेखकाचा सहभाग' म्हणून नव्वद हजार मागितले. मग डोंगरसिंग पिशवी घेऊन उमरखेडलाच अब्दुल गनींच्या छापखान्यात गेले.

गनीभाई तीस वर्षं लग्नपत्रिका छापत आले होते. त्यांच्या मशीनमधून कागद निघाल्याशिवाय तालुक्यात कोणाचं लग्न लागत नाही, असं ते म्हणत आणि ते फारसं खोटं नव्हतं. मुलगी कहकशां मराठीत एम.ए. करत होती आणि संगणकावर जुळणीचं काम तीच बघायची.

"गनीभाई, छापाचं होतं एक."

"छापू की साहेब. किती घडीची?"

"घडीची नाई. दोनशे पानाची."

गनीभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "दोनशे पानं! कोनाचं लगन हाये येवढं?"

कादंबरी आहे म्हटल्यावर गनीभाईंनी कॅल्क्युलेटर ओढला. एका फॉर्ममध्ये सोळा पानं. तेरा फॉर्म म्हणजे दोनशे आठ पानं. तीनशे प्रती, जुळणी, कागद, छपाई, बांधणी धरून अठ्ठेचाळीस हजार. डोंगरसिंगांजवळ पंचवीस होते, तेही जमनीबाईंनी निवृत्तीच्या पैशातून मोजून काढून दिलेले. "याच्या पुढं एक रुपया मांगसान तं बाहेर बाजेवर झोपाचं," अशी त्यांची अट होती.

"तेवीस हजार कमी पडून राह्यले," डोंगरसिंग म्हणाले.

"कायले कमी पडते? मागं नावं टाका ना." गनीभाईंच्या आवाजात तीस वर्षांचा अनुभव उतरला. "जो दोनशे रुपये आगाऊ देईन त्याले एक पुस्तक, आन् पुस्तकात त्याचं नाव. साहेब, पत्रिका कोनी वाचत नाई. मुहूर्त नाई वाचत, स्थळ नाई वाचत. फोन करून विचारते, लगन कोठी हाये म्हनून. पन आपलं नाव कोठी हाये, ते पैले पाह्यते. तुम्ही नाव द्या, लोकं पैसे देतीन."

सल्ला शहाणपणाचा होता. त्यात एकच खोट होती: पत्रिकेत नाव यावं म्हणून आजवर कोणीही पैसे दिलेले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत तांडा, म्हणजे डोंगरसिंगांची वस्ती, भरलेला होता. डोंगरसिंगांनी समाजमंदिरासमोर योजना जाहीर केली आणि पहिल्या आठवड्यात सत्तर नावं जमली. कहकशांने त्यांना शेवटची दहा पानं दिली आणि वर नाव घातलं, 'ऋणनिर्देश'. तुळशीचं लग्न लागलं की गनीभाईंची मशीन दोन महिने लग्नपत्रिकांच्या ताब्यात जाणार होती. म्हणून छपाई लगेच सुरू झाली. पहिला फॉर्म, दुसरा फॉर्म. डोंगरसिंग रोज सकाळी जाऊन ओल्या शाईचा वास घेऊन येत.

चौथ्या फॉर्मला उकंडा आला. उकंडा म्हणजे जमनीबाईंचा धाकटा भाऊ.

"भाऊजी, मायं नाव अकरावं हाये म्हने?"

"अकारविल्हे हाये बा. 'उ' जेथं येते तेथं."

"मी मामा हावो का नाई?"

"कोनाचा?"

"कोनाचा म्हंजे? घरातलं कार्य हाये तं मामाची लाइन वेगळी असते. तुमच्या पोरीच्या, शीलाच्या लगनात नोहोती का? 'मामा मंडळी' म्हनून?"

"अरे उकंडा, कादंबरीले मामा नसते."

"काहून? अनाथ हाये का कादंबरी?"

डोंगरसिंगांनी यादीचा कागद पुढे ओढला. चार मोठे लेखक एकत्र बसवले असते तरी त्यांनीही तेच केलं असतं. 'मामा मंडळी' असं शीर्षक पडलं आणि त्याखाली उकंडाच्या घरचे आठ जण आले. पैसे मागितल्यावर उकंडा दुखावला. "मामाकडून पैसे घेते का कोनी?"

मामांची लाइन वेगळी झाल्याचं कळताच श्रावण आला. श्रावण डोंगरसिंगांचा चुलतभाऊ, पाच वर्षांपूर्वी सरपंच होता आणि अजून त्यातून पुरता उतरलेला नव्हता. त्याने दोनशे रुपये टेबलावर ठेवले, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येईना.

"दादा, माह्या नावाच्या आंधी 'मा. श्री.' पाह्यजे. खाली 'माजी सरपंच'. त्याच्या खाली मोबाइल नंबर."

"मोबाइल नंबर कायले रे?"

"वाचकाले काई विचाराचं असलं तं?"

श्रावणचा मोबाइल नंबर आला म्हटल्यावर सगळ्यांचेच आले. ज्यांच्याकडे माजी काही नव्हतं त्यांनी 'प्रगतिशील शेतकरी' लावून घेतलं. वारलेल्या आजोबांची नावं 'आशीर्वाद' या शीर्षकाखाली आली, कारण त्यांना वगळणं अशुभ होतं. त्यांचे दोनशे रुपये मागणं तर त्याहून अशुभ. मग पोराटोरांचा 'किलबिल' विभाग निघाला. त्यात सगळ्यात वर चौकटीत एक ओळ होती: 'आमच्या आजोबांची कादंबरी वाचायला यायचं हं!'

"अब्बा, हे ऋणनिर्देश नाई राह्यलं आता," कहकशां म्हणाली.

"तुले काय समजते? नावाचा टाइप मोठा ठेव. बारीक टाकलं तं लोकं पत्रिका वापस करते."

"पत्रिका नाई अब्बा, पुस्तक हाये!"

"वापस तं तेही करतीन."

गनीभाईंचा नियम होता की नाव, हुद्दा, गाव, नंबर मिळून एका पानावर सातच नावं. त्यापेक्षा दाटी केली तर पाहुण्याचा अपमान. यादी दहा पानांवरून सोळावर गेली. डोंगरसिंगांनी एका निवृत्त प्राध्यापकांचा पुस्तकाच्या शेवटी येणारा अभिप्राय काढला. तो तसाही प्राध्यापकांविषयीच होता. दुष्काळाचं वर्णन अर्ध्यावर आणलं. म्हणता म्हणता अकरा फॉर्म, म्हणजे एकशे शहात्तर पानं, छापून गठ्ठे बांधून झाले. उरले दोन फॉर्म, बत्तीस पानं. त्यात शेवटचं प्रकरण, बावीस पानं, आणि कहकशांने श्रावणशी भांडून पुन्हा दहा पानांत दाबून बसवलेली यादी. जमलं होतं.

त्याच दुपारी शीलाचा फोन आला. शीला डोंगरसिंगांची मुलगी, दिग्रसला दिलेली.

"बा, मामाच्या घरचे आठ नावं हायेत म्हने."

"हायेत."

"आन् माह्या सासरचं एक. फक्त मामंजीचं. तेही बिना नंबरचं."

"अवं, पान पुरत नाई बाई..."

"बा, मले दिग्रसले राहाचं हाये. तुमच्या कादंबरीत नाई राहाचं."

पुढच्या तासाभरात पवारसाहेबांकडून चोवीस नावांची यादी व्हॉट्सअॅपवर आली. त्यात त्यांच्या पतसंस्थेचं संचालक मंडळही होतं. हे श्रावणच्या कानावर जायला बसइतका वेळ लागला नाही. दिग्रसचे चोवीस, मग तांड्याची इज्जत काय? रात्र पडायच्या आत यादी दोनशे बारा नावांवर पोचली. पूर्ण मानपानासकट बरोबर बत्तीस पानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गनीभाईंनी डोंगरसिंगांना स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. बिल मोठं असलं की ते आधी चहा मागवत.

"साहेब, बत्तीस पानं उरले. यादी बत्तीस. तुमचं प्रकरण बावीस."

"अजुक दोन फॉर्म वाढवा."

"कागद तेराच फॉर्मचा आनला होता. नवीन नांदेडवरून याले आठ दिवस. परवा तुळशीचं लगन, तेरवापासून मशीन माही नाई, नवरदेवाची हाये. आन् पैसे? दोनशे बारा नावात पैसे किती लोकाईनं देल्ले?"

डोंगरसिंगांनी वही काढली. "शहात्तर."

पंधरा हजार दोनशे. डोंगरसिंगांचे पंचवीस धरून चाळीस हजार दोनशे. आधीच्याच बिलाचे सात हजार आठशे बाकी होते. दोघांनी आपापला चहा प्यायला.

"मधातलं काई काढता येईन?" डोंगरसिंगांनी विचारलं.

"मधातलं छापून झालं. जे छापाचं राह्यलं तेच काढता येते."

कहकशां खुर्चीवरून उठली. "चाचा, तुम्ही शेवट नका काढू. एकशे शहात्तरव्या पानावर बैलं नदीच्या मधात हायेत. छातीवरी पानी हाये त्याईच्या. अशा टायमाले सोडून देता का तुम्ही त्याईले?"

"तू वाचलं?"

"टाइप कोनं केलं मंग? दोनदा वाचलं. दुसऱ्या डावानं तं की-बोर्ड वल्ला झाला."

डोंगरसिंगांना इतकं बरं तीन वर्षांत वाटलं नव्हतं आणि इतकं वाईटही. एका बाजूला बावीस पानं, जी त्यांच्याशिवाय फक्त या मुलीने वाचली होती. दुसऱ्या बाजूला दोनशे बारा नावं, त्यातल्या एकाला जरी वगळलं तरी पुढच्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि मयतीत ते ऐकावं लागणार होतं. चौतीस वर्षं त्यांनी उशिरा आलेल्या गाड्यांबद्दल लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. शिव्या खाण्याची ताकद आता संपली होती.

"बैलं मुके असते," ते हळूच म्हणाले. "ते काई म्हननार नाईत. नावं छापा."

शेवटच्या प्रकरणाचे कागद त्यांनी पिशवीत घातले आणि घरी येऊन बाजेवर ठेवून दिले. जमनीबाईंनी ते उचलून पेटीत टाकले.

प्रकाशन समाजमंदिरात झालं आणि थाटात झालं. मंडप श्रावणने दिला आणि त्यावर स्वतःचं नाव लावलं. अभिप्राय कापला गेल्याचं दुःख विसरून तेच निवृत्त प्राध्यापक प्रमुख पाहुणे म्हणून आले. दोनशे रुपये किंमत लिहिलेला पुठ्ठा कहकशांने टेबलावर ठेवला होता. तो दहा मिनिटांत गठ्ठ्यांच्या कागदाखाली दिसेनासा झाला. लोक येत, नाव सांगत, पुस्तक उचलत.

"काका, दोनशे रुपये..." ती म्हणायची.

"माह्यं नाव हाये त्याच्यात! आपल्याच पत्रिकेचे पैसे देते का कोनी?"

तीनशे प्रती तासाभरात संपल्या. नवीन पैसे शून्य.

प्रत्येकाने पुस्तक मागून उघडलं. आपलं नाव शोधण्याआधी पहिलं नाव कोणाचं ते पाहणं हा इथला रिवाज, म्हणून सगळ्यांनी आधी यादीचं पहिलं पान काढलं. उजवीकडे 'स्वागतोत्सुक: मा. श्री. श्रावण, माजी सरपंच'. आणि डावीकडे, एकशे शहात्तरव्या पानाच्या तळाशी, कादंबरीची शेवटची ओळ: 'बाराशे बैल छातीभर पाण्यात उभे राहिले. मागे वळायला जागा नव्हती आणि पुढचा काठ दिसत नव्हता.'

प्राध्यापकांनीही तेवढंच वाचलं होतं. पण प्राध्यापक होते, त्यामुळे तेवढं पुरलं.

"मित्रहो," ते माइकवर म्हणाले, "हा लेखक थोर आहे. याने शेवट केलाच नाही! तांडा पुरात सोडला आणि लगेच पुढच्या पानावर कोण उभं आहे? तुम्ही! तुमची नावं! लेखकाला हेच सांगायचंय की आजही तुम्ही सगळे त्याच नदीत उभे आहात!"

टाळ्या पडल्या. मग त्या हळूहळू थांबल्या.

"म्हंजे?" उकंडाने शेजारच्याला विचारलं. "आपुन बुडालो का?"

मंडपात कुजबुज सुरू झाली. नाव छापायचं ते शुभकार्यात; पुरात छापतात का? एका म्हातारीने 'आशीर्वाद'खालच्या आपल्या नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. "आंधीच गेले होते बिचारे, आता पान्यात उभे केले." पवारसाहेबांनी पुस्तक मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. पतसंस्थेच्या संचालक मंडळाची नावं पूरग्रस्तांच्या यादीसारखी दिसत होती आणि पतसंस्थेची तब्येत तशीही नाजूक होती.

घरी आल्यावर जमनीबाई ओट्यावर बसल्या आणि शीलाला म्हणाल्या, "वाच."

"याडी, कादंबरी?" शीलाने आईला विचारलं.

"नाई. नावं."

शीलाने दोनशे बाराच्या दोनशे बारा नावं हुद्दे आणि नंबरांसकट वाचली. अर्धा तास गेला. जमनीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. उकंडाचं आलं, उकंडाच्या बायकोचं आलं, दोन वर्षांपूर्वी मेलेल्या मोतीराम काकाचं आलं, पतसंस्थेच्या शिपायाचं आलं.

"झालं?"

"झालं, याडी."

"बरं," जमनीबाई म्हणाल्या आणि उठून चुलीकडे गेल्या.

डोंगरसिंगांनी शीलाच्या हातातलं पुस्तक घेऊन यादी पुन्हा पहिल्यापासून चाळली. तीन वर्षं ज्या बाईने चहा दिला, बाहेरच्या माणसाला 'ते कामात हायेत' म्हणून सांगितलं आणि पंचवीस हजार मोजून दिले, तिचं नाव कोणी यादीत घातलंच नव्हतं. कोणी मागितलं नव्हतं म्हणून. संसारात 'बरं'पेक्षा स्वस्त शब्द नाही. त्याचं बिल मात्र नंतर येतं.

पहिला उकंडा आला, दुसऱ्याच सकाळी.

"भाऊजी, खरं सांगा. बैलं निंघाले का?"

"कोठून?"

"नदीतून! रातभर झोप नाई मले. मामा मंडळीचं पान उघडलं का डोयापुढं पानी दिसते."

मग श्रावण आला. "दादा, एक गोष्ट विचारू? पैले शंभर बैलं तरी काठाले लागले असतीन ना?" बसस्थानकावर आता पुसदची गाडी कोणी विचारेना, कंडक्टर, पानठेलेवाला, शेंगावाला, सगळे एकच विचारत: 'साहेब, बैलं पार झाले का?' दिग्रसहून पवारसाहेबांचा फोन आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पोराच्या पगाराचा विषय काढला नाही. "इवाईबुवा, आमच्या मंडळाची बैठक हाये सोमवारी. तेच्या आंधी सांगा."

"शेवटचं प्रकरण हाये," डोंगरसिंग प्रत्येकाला सांगत. "लिवलेलं हाये."

"मंग द्या ना वाचाले!"

संध्याकाळी डोंगरसिंग पेटी उघडायला गेले. पेटीला कुलूप होतं.

"अवं, ते बावीस पानं..."

"माह्याजवळ हायेत."

"दे ना. लोकं विचारून राह्यले."

"लोकं मलेही विचारून राह्यले," जमनीबाई म्हणाल्या. किल्ली कमरेला होती आणि तिथून हलण्याची चिन्हं नव्हती.

बुधवारी त्यांनी तांड्यातल्या महिला बचत गटाकडून सहा हजार उचलले, महिन्याला दोन टक्के व्याजाने, आणि एकट्याच बसने उमरखेडला गेल्या. गनीभाई पत्रिकांच्या ढिगाऱ्यात होते.

"गनीभाई, पुस्तक छापाचं हाये."

"कोनतं, भाभी?"

"बैलं पार नेनारं."

कहकशां खुर्चीवरून अर्धी उठली. गनीभाईंनी कॅल्क्युलेटर ओढला. "चोवीस पानं, तीनशे प्रती... नऊ हजार."

"सहा."

"भाभी, नांदेडचा कागदच अजून..."

"त्या कोपऱ्यात गुलाबी कागद पडला हाये, तेच्यावर छापा. मांगच्या सालापासून पडला हाये. शीलाच्या पत्रिकेले नऊ वर्षांआंधी तुम्ही असाच जुना कागद खपवला होता."

गनीभाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. "बरं, सहा. आज रातच्याले मशीन लावतो. नावं किती?"

"एक."

"एकच?"

"जमनी डोंगरसिंग राठोड. त्याच्या खाली 'प्रकाशक'. आन् टाइप मोठा ठेवजो, पोरी."

"सगळ्यात मोठा ठेवते चाची," कहकशां म्हणाली.

रविवारी जमनीबाई बचत गटाच्या चार बायांसह समाजमंदिराच्या पायरीवर गुलाबी पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन बसल्या. किंमत पन्नास रुपये. पहिला हात उकंडाने घातला.

"पन्नास."

"अवं बाई, मामा हावो मी!"

"कोनाचा? याच्यात मामाची लाइन नाई. नाव एकच हाये आन् ते तुह्यं नाई."

उकंडाने पन्नास दिले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बहिणीला रोख पैसे दिले. पुस्तिका घेऊन तो पिंपळाखाली बसला. ओठ हलवत वाचत होता. चोविसाव्या पानावर आल्यावर त्याने पुस्तिका मिटली, मांडीवर ठेवली, आणि समोर बघत बसला. कोणीतरी 'काय रे, निंघाले का?' म्हणून विचारलं, तर त्याने फक्त हात वर केला. उकंडाला गप्प बसलेलं तांड्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. रांग दुप्पट झाली.

दूरवरून डोंगरसिंग हे पाहत होते. दोन मिनिटं नव्हती. चांगली दहा मिनिटं होती. त्यांनी उगाच चष्मा पुसला.

मग ते पायरीजवळ आले आणि त्यांनी गठ्ठ्यावरची एक पुस्तिका उचलली.

"पन्नास," जमनीबाई म्हणाल्या.

"अवं, मी लेखक हावो!"

"नाव दाखवा."

डोंगरसिंगांनी कव्हर उलटलं, पान उलटलं. कव्हरावर मोठ्या टाइपात 'शेवटचं प्रकरण', खाली त्याहून मोठ्या टाइपात प्रकाशक. त्यांच्या चेहऱ्यावर आशा आली. "हे काय! जमनी डोंगरसिंग राठोड. मधात मीच हावो ना?"

"मधातलं नाव धरत नाई," जमनीबाई म्हणाल्या.

मागच्या रांगेत बाया हसल्या. डोंगरसिंगांनी खिशात हात घातला.

वाचकांना आता अर्थातच विचारावंसं वाटेल की बैल पार झाले का. ते इथे सांगता येणार नाही. जमनीबाईंची किंमत पन्नास रुपये आहे आणि त्या उधार ठेवत नाहीत. एवढं सांगता येईल: तीनशे पुस्तिका विकल्या गेल्या, पंधरा हजार आले. सहा हजार बचत गटाला परत गेले, एकशेवीस व्याज. गनीभाईंची कादंबरीची सात हजार आठशेची बाकी त्याच संध्याकाळी फिटली, आणि उरलेले एक हजार ऐंशी जमनीबाईंनी कोणाला न विचारता पेटीत टाकले. पहिल्या पुस्तकाला दोनशे बारा नावं होती आणि पैसे दिले शहात्तर जणांनी. दुसऱ्याला एकच नाव होतं आणि पैसे दिले सगळ्यांनी. मामाने दिले, माजी सरपंचाने दिले, पतसंस्थेच्या संचालक मंडळाने वर्गणी काढून दिले, आणि हिशेबातला सगळ्यात शेवटचा पन्नासचा आकडा, तोही दहा-दहाच्या पाच चुरगळलेल्या नोटांचा, लेखकाच्या नावावर मांडलेला आहे.